दुसऱ्याच्या दाराची घंटा

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी आमच्या भ्रमणध्वनीवर एक यादी येऊन पडली. पाठविणारा आमचा भाचा. आमच्या आप्तांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, लग्नाची निमंत्रणे, कोणाच्या आजारपणाची वार्ता, अधूनमधून एखादा विनोद, असा त्याचा नित्यक्रम. त्या दिवशी मात्र त्यावर चित्रपटांतील नटनट्या, क्रिकेटपटू, गायक-गायिका अशा तीस-चाळीस नामवंतांचे खाजगी दूरध्वनी क्रमांक एकाखाली एक मांडून आले होते. खाली भाच्याने लिहिले होते, “घ्या, कोणाशी बोलायचंय ते तुम्हीच ठरवा!” त्यावर कोणी हसरे चेहरे पाठविले, कोणी टाळ्या वाजविल्या. हे क्रमांक आले कोठून, असा प्रश्न कोणालाही पडला नाही. प्रांजळपणे सांगायचे तर तो आम्हालाही पडला नाही.

यादीत एका गायिकेचे नाव होते. ते येथे सांगण्याचे कारण नाही. आमच्या पत्नीच्या शेवटच्या आजारपणात, वेदनांमुळे तिचा डोळा लागत नसे अशा रात्री, त्या गायिकेच्या गाण्यांची एक जुनी ध्वनिफीत आम्ही अगदी हळू आवाजात लावून ठेवीत असू. त्या स्वरांनी वेदना कमी होत असे नव्हे; परंतु रात्र सरत असे. पत्नी गेल्यास आता नऊ वर्षे झाली. एवढ्या काळात त्या गायिकेचे आभार मानावेत असे अनेकदा मनात आले आणि पत्ता ठाऊक नसल्याने राहून गेले. आता क्रमांकच हाती आला होता. आपला हेतू शुद्ध आहे, आपल्याला काही मागायचे नाही, दोन मिनिटांत बोलणे आटोपू, अशी मनाची समजूत घालून रात्रीच्या जेवणानंतर आम्ही तो क्रमांक लावला.

पलीकडून एका तरुण स्त्रीचा दमलेला आवाज आला. आम्ही गायिकेचे नाव घेताच ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, आवाजावरून तुम्ही वडीलधारे वाटता. तुम्हीसुद्धा? हा नंबर त्यांचा नाही हो, माझा आहे. तीन आठवडे झाले, दिवसरात्र हेच चाललंय. माझा मुलगा दवाखान्यात आहे. डॉक्टरांचा फोन केव्हा येईल ते सांगता येत नाही, म्हणून बंदही ठेवता येत नाही. ठेवा आता, कृपा करा.” आणि आमच्या तोंडून क्षमेचा शब्द बाहेर पडण्यापूर्वीच फोन बंद झाला.

‘तुम्हीसुद्धा?’ या तिच्या प्रश्नाने त्या रात्री आम्हाला झोप लागू दिली नाही. वाचकहो, पुढे जे काही लिहिले आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या आगेमागे, वसईच्या आमच्या वाडीत दूरध्वनी एकच होता. तो नाक्यावरच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेला असे. त्याच्या तबकडीला एक चिमुकले कुलूप असे आणि किल्ली दुकानदाराच्या करगोट्याला. ज्यांच्या घरी फोन नसे ते आपल्या पत्रांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर त्याच दुकानाचा क्रमांक देऊन पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे लावीत. फोन आला की दुकानातला पोऱ्या केळीच्या बागांतून धावत येई आणि कुंपणापासूनच हाक मारी. आखातात नोकरीस गेलेल्या मुलाची खुशाली, मुंबईच्या इस्पितळातून आलेली मृत्यूची वार्ता, मोडलेल्या सोयरिकीचा निरोप, हे सारे त्या दुकानदाराच्या कानांवरून जात असे. साखर-तांदळाच्या उधारीचा हिशेब तो सर्वांदेखत मोठ्याने करी. परंतु फोनवर कोण काय बोलले हे त्याच्या तोंडून वाडीने कधी ऐकले नाही. कोणी खोदून विचारलेच तर तो तराजूची पारडी पुसू लागे. फारसा न शिकलेला तो माणूस. दुसऱ्याची गोष्ट आपल्या हाती आली म्हणून ती आपली होत नाही, एवढे त्याला कोणी न शिकविता समजत होते.

फोन करणाऱ्यांचेही काही संकेत होते. दिवेलागणीनंतर, घरोघर रोझरी सुरू झाली की, सहसा कोणी फोन करीत नसे. त्यानंतर घंटा वाजली तर ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुके, कारण त्या वेळची घंटा बहुधा वाईट बातमीचीच असे. वस्तू दुर्मिळ होती म्हणून हा संयम होता, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. परंतु दुर्मिळता संपल्यावर संयमही संपावा, हे कशावरून?

खाजगीपणाचा विषय निघाला की अनेक जण जुन्या दूरध्वनी निर्देशिकेचा दाखला देतात. “पूर्वी सर्वांचीच नावे, पत्ते, नंबर छापलेले असत. तेव्हा कोणाचे काय बिघडले?” प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारताना आपण दोन गोष्टी विसरतो. निर्देशिकेतून क्रमांक शोधून तो फिरविणारा मनुष्य एकटा असे. त्याला प्रत्येक फोनचे पैसे मोजावे लागत आणि क्रमांक शेजाऱ्याला द्यायचा तर कागदावर उतरवून द्यावा लागे. आज एका बोटाच्या स्पर्शाने तो शेकडो जणांच्या हाती पडतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तेव्हाचा क्रमांक घरातील एका कोपऱ्यातल्या यंत्राचा असे. आजचा क्रमांक माणसाच्या खिशातून सदैव त्याच्याबरोबर फिरतो. त्याला बँकेचे खाते जोडलेले, आधार जोडलेले, गॅसचे सिलिंडरही त्यावरच नोंदविलेले. पैशांच्या व्यवहाराचा सांकेतिक अंक त्याच क्रमांकावर येतो. तो वाटेल त्याच्या हाती पडणे म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा बाजारात पडण्यासारखे आहे.

एखाद्याचा ठावठिकाणा भलत्याच्या हाती लागल्यास काय घडू शकते, हे जगाने इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीच पाहिले होते. १९८२ साली अमेरिकेत थेरेसा साल्डाना या अभिनेत्रीवर तिच्या घराबाहेर एका इसमाने सुऱ्याने हल्ला केला. तो तिचा पत्ता शोधीत परदेशातून आला होता. एका खाजगी गुप्तहेराकरवी त्याने तिच्या आईचा, निर्देशिकेत न छापलेला, दूरध्वनी क्रमांक मिळविला. मग प्रसिद्ध दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांचा साहाय्यक असल्याची बतावणी करून, युरोपातील एका चित्रपटात भूमिका द्यावयाची आहे असे सांगून, त्याने त्या आईकडूनच मुलीचा पत्ता काढून घेतला. लेकीचे भले व्हावे एवढीच त्या माऊलीची इच्छा. वाटेने जाणाऱ्या एका माणसाने जिवाची पर्वा न करता हल्लेखोराला धरले आणि थेरेसा वाचली. तिच्या आईचे पुढील दिवस कसे गेले असतील, याची कल्पना करवत नाही.

सात वर्षांनी रिबेका शेफरला वाचविणारे कोणी भेटले नाही. ही एकवीस वर्षांची अभिनेत्री ‘माय सिस्टर सॅम’ या दूरदर्शन मालिकेमुळे घरोघरी पोहोचली होती. ॲरिझोना राज्यातील एका तरुणाच्या मनाने तिचा ध्यास घेतला. त्याने तिला पत्रे लिहिली आणि तिच्याकडून एकदा सौजन्याचे उत्तरही गेले. तो चित्रीकरण चालत असे त्या स्टुडिओच्या दारापर्यंत जाऊन आला. पहारेकऱ्यांनी त्याला परत पाठविले. तेव्हा त्याने एका गुप्तहेर संस्थेला अडीचशे डॉलर दिले. संस्थेने कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याच्या नोंदींतून रिबेकाच्या घराचा पत्ता काढून दिला. त्या काळी अशा नोंदी मागेल त्याला मिळत असत. १८ जुलै १९८९ रोजी सकाळी तो तरुण तिच्या दारी गेला. ती त्याच्याशी थोडके बोलली आणि पुन्हा येऊ नकोस म्हणाली. तो निघून गेला, एका उपाहारगृहात त्याने न्याहारी केली आणि तासाभराने परतून पुन्हा घंटा वाजविली. त्या दिवशी रिबेका ‘गॉडफादर’च्या तिसऱ्या भागाची संहिता हाती येण्याची वाट पाहत होती. तिने दार उघडले आणि त्याने तिच्यावर गोळी झाडली.

स्टुडिओच्या फाटकावर पहारा होता. तेथून तो मनुष्य माघारी फिरला. सरकारी कचेरीच्या खिडकीवर पहारा नव्हता. तेथून त्याला पत्ता मिळाला. या घटनेने अमेरिका हादरली. १९९० साली कॅलिफोर्नियाने पाठलाग करून छळणाऱ्यांविरुद्ध कायदा केला आणि १९९४ साली वाहनचालकांच्या नोंदींतील खाजगी माहिती सरसकट उघड करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने संमत केला. कायदे झाले ते योग्यच झाले. परंतु आमचे मन वारंवार त्या मधल्या माणसांपाशी घोटाळते. नोंद काढून देणारा कारकून, ती पुढे विकणारा गुप्तहेर, यांपैकी कोणीही रिबेकाचे वाईट चिंतिलेले नव्हते. एकाने खिडकीवर आलेला अर्ज निकालात काढला, दुसऱ्याने घेतलेल्या पैशांचे काम पुरे केले. प्रत्येकाने पत्ता आपल्या हातातून पुढच्या हातात दिला, इतकेच. व्हॉट्सॲपवर आलेली यादी पुढे ढकलताना आपणही याहून निराळे काय करतो?

इंटरनेटने या मधल्या हातांची संख्या अगणित केली. फेब्रुवारी २००५ मध्ये पॅरिस हिल्टन या अमेरिकी तारकेच्या भ्रमणध्वनीतील माहिती चोरट्यांनी पळविली आणि तिच्या परिचितांची संपूर्ण वही इंटरनेटवर मांडली. ती माहिती यंत्राबरोबरच कंपनीच्या संगणकातही साठविलेली असे. यंत्र मालकिणीच्या पिशवीत सुखरूप असतानाच चोरी झाली. वहीत गायक एमिनेम, टेनिसपटू ॲना कुर्निकोवा अशा अनेकांचे क्रमांक होते. त्यांनी स्वतः कोणताही निष्काळजीपणा केलेला नव्हता. त्यांनी विश्वासाने एका ओळखीच्या व्यक्तीला क्रमांक दिला होता, एवढाच त्यांचा दोष. आपला क्रमांक खरोखर आपल्यापाशी नसतोच. ज्यांना ज्यांना तो दिला त्यांच्या खिशांत तो विखुरलेला असतो. म्हणून आपल्या खिशात दुसऱ्यांचे जे क्रमांक आहेत, ते त्यांनी आपल्याकडे ठेवलेली ठेव समजावयास हवे.

आपल्या देशातील एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. मार्च २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीने रांची येथे आधारसाठी आपली नोंद करविली. एवढा मोठा खेळाडू आपल्या केंद्रावर आल्याच्या आनंदात त्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर झळकविण्यात आले आणि त्यासोबत त्याने भरलेल्या अर्जाचेही. धोनीची पत्नी साक्षी हिने थेट केंद्रीय मंत्र्यांकडे जाहीर तक्रार केली, तेव्हा तो मजकूर काढून टाकण्यात आला आणि ती नोंदणी करणाऱ्या संस्थेला दहा वर्षांसाठी काळ्या यादीत टाकण्यात आले. येथेही कोणाचा हेतू वाईट नव्हता. होता तो अभिमान आणि कौतुक. त्या रात्री गायिकेला फोन लावताना आमच्याही मनात कौतुकच होते. कौतुकालाही दारावर थांबावे लागते, ही गोष्ट आम्ही या वयात शिकत आहोत.

आणि ज्यांचा प्रसिद्धीशी काडीचाही संबंध नाही अशांचे काय? २०१९ साली ‘अर्जुन पटियाला’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात सनी लिओनी या अभिनेत्रीच्या तोंडी एक दूरध्वनी क्रमांक होता. तो दिल्लीतील एका सामान्य गृहस्थाचा निघाला. चित्रपट लागल्यापासून त्याला दिवसाकाठी शंभराहून अधिक फोन येऊ लागले आणि अखेर त्याने पोलिसांत धाव घेतली. २०२४ साली ‘अमरन’ या तमिळ चित्रपटात साई पल्लवी या अभिनेत्रीने रंगविलेल्या पात्राचा म्हणून जो क्रमांक दाखविला, तो चेन्नईतील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा होता. त्याची झोप आणि अभ्यास दोन्ही गेले. क्रमांक बदलावा तर बँक, आधार, महाविद्यालय सर्वत्र तोच नोंदविलेला. त्याने निर्मात्यांना नोटीस पाठवून एक कोटी दहा लाख रुपयांची भरपाई मागितली. निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपटातील तो क्रमांक पुसट केला. या बातम्या आम्ही त्या त्या वेळी वाचल्या होत्या आणि गंमत वाटून हसलोही होतो. इस्पितळातील मुलासाठी जागणाऱ्या त्या मातेचा आवाज ऐकेपर्यंत त्यात हसण्यासारखे काही नाही, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

यावर एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. नामवंतांनी प्रसिद्धी स्वतःहून मागून घेतलेली असते. टाळ्या हव्यात, पैसा हवा, मग त्याबरोबर येणारा उपद्रव नको कसा? हा युक्तिवाद आम्हालाही पूर्वी पटत असे. आता वाटते, गायिकेने आपल्याला गाणे दिले. आपण तिकीट काढून, ध्वनिफीत विकत घेऊन त्याचे मोल दिले. व्यवहार तेथे पुरा झाला. तिची दुपारची झोप, तिच्या घरातील आजारपण, तिचे वार्धक्य यांचे तिकीट आपण काढलेले नाही. शिवाय मोठ्या नटाच्या दारी पहारेकरी असतो, फोन घेण्यास सचिव असतो. त्या यादीत चुकून जिचा क्रमांक पडला त्या स्त्रीच्या दारी कोण होते?

खाजगीपणाच्या हक्काची चर्चा आजची नव्हे. १८९० साली सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी हार्वर्डच्या विधी नियतकालिकात या विषयावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. तत्क्षणी टिपली जाणारी छायाचित्रे आणि लोकांच्या घरांत डोकावणारी वृत्तपत्रे, ही त्या काळची चिंता होती. माणसाला त्याच्यापुरते राहू द्यावे, हाही त्याचा एक हक्क आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खाजगीपण हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. कंपन्या आणि कचेऱ्या यांनी लोकांची माहिती कशी जपावी, हे तो सांगतो.

मात्र या कायद्यातील एक तरतूद आम्हाला विचारात पाडून गेली. एखादी व्यक्ती निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी माहितीचा जो वापर करते, त्याला हा कायदा लागू नाही. ते योग्यच आहे. सरकारने प्रत्येकाच्या खिशातील वही तपासावी असे कोण म्हणेल? तात्पर्य, कायदा आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि तेथे थांबतो. उंबरठ्याच्या आत आपणच आपले पहारेकरी. भाच्याने पाठविलेला क्रमांक लावावा की न लावावा, हे त्या रात्री आम्हाला कोणत्याही कलमाने सांगितले नसते. ते त्या जुन्या दुकानदाराने सांगितले असते.

या संदर्भात आमच्या हातून घडलेली आणखी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका साहित्य मेळाव्याच्या स्मरणिकेचे काम आमच्याकडे होते. शेवटच्या पानांवर सहभागी लेखक-कवींची नावे, घरचे पत्ते आणि भ्रमणध्वनी क्रमांक छापावेत, असे ठरले. संपर्क राहावा, हा त्यामागील उद्देश. आम्ही मुद्रिते तपासली. एकही अंक चुकू दिला नाही, याचा अभिमान वाटला. पुढे कोणीतरी ती स्मरणिका जशीच्या तशी इंटरनेटवर चढविली. वर्षभराने एका कवयित्रीने आम्हाला सांगितले की, तेव्हापासून तिला अनोळखी पुरुषांचे अवेळी फोन येतात आणि तिने आता नावाने लिहिणेच थांबविले आहे. ती तक्रार करीत नव्हती. नुसते सांगत होती. आम्ही हळहळलो आणि विसरलो. छापण्यापूर्वी “तुमचा क्रमांक छापू का?” एवढे एक वाक्य प्रत्येकाला विचारले असते तर एका लेखणीचा आवाज वाचला असता. ती प्रसिद्ध नव्हती, म्हणून त्या गोष्टीची बातमी झाली नाही.

अशी उदाहरणे आपल्या भोवती पावलोपावली आहेत. गृहसंकुलाच्या फाटकावरील नोंदवहीत आपण नाव आणि क्रमांक लिहितो, तेव्हा वरच्या दहा जणांचे क्रमांक आपल्या डोळ्यांसमोर उघडे असतात. झेरॉक्सच्या दुकानात आधारपत्राची एखादी पुसट प्रत टेबलाखाली पडून राहते. नवे ॲप उघडताना ते आपली संपूर्ण संपर्क वही मागते आणि आपण न वाचता होकार देतो. त्या होकाराबरोबर आपल्या सर्व आप्तेष्टांचे क्रमांक, त्यांना न विचारता, परक्याच्या हाती जातात. यांपैकी कशालाही आपण चोरी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाच्याला फोन केला आणि रात्रीची हकीकत सांगितली. तो वरमला. तरी म्हणाला, “मामा, खरं आहे तुमचं. पण ही यादी केव्हाच लाखो लोकांकडे गेली असेल. आपल्या गटावरून मी एकट्याने काढून काय होणार?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्हीही क्षणभर निरुत्तर झालो. मग आम्ही त्याला म्हणालो, “अरे, लाखो लोकांनी मिळून तिला एक फोन केला नाही. प्रत्येकाने आपापला एकेक केला. त्यातला एक मी केला. तेवढा एक टळला असता तर त्या रात्री तिला दोन मिनिटे डोळे मिटता आले असते.” तो काही बोलला नाही. दुपारी पाहिले तेव्हा गटावरून यादी गेली होती आणि तिच्या जागी, ज्यांनी ज्यांनी ती पुढे पाठविली त्यांनी कृपया मागे घ्यावी, अशी विनंती होती. दोघा-तिघांनी होकार कळविला. एकाने थट्टा केली. बाकीचे गप्प राहिले.

आमच्यापुरते एक काम उरले होते. त्या स्त्रीचा क्रमांक आमच्या फोनच्या नोंदीत अजून होता. तिची क्षमा मागावी, मुलाची विचारपूस करावी, असे पुष्कळ वेळा मनात आले. दोनदा तर बोट त्या क्रमांकापर्यंत गेले. परंतु दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या त्या मातेच्या हातातील फोन पुन्हा वाजेल, डॉक्टरांचा असेल म्हणून ती धडपडत तो उचलेल आणि पलीकडे असू आम्ही, आपल्या मनाचे ओझे उतरविण्यासाठी आलेले. तीही एक घंटाच. आम्ही तो क्रमांक पुसून टाकला.

मग कपाटातून ती जुनी ध्वनिफीत काढली. ती वाजविण्याचे यंत्र आता घरात नाही. गायिकेचे आभार मानावयाचे राहिले ते राहिलेच. एक साधे पत्र लिहून ते ध्वनिफितीच्या वेष्टनावर छापलेल्या कंपनीच्या पत्त्यावर टाकले आहे. पोहोचेल किंवा पोहोचणार नाही. पोहोचलेच, तर ते केव्हा उघडावे आणि उघडावे की नाही, हे त्यांच्या हाती राहील.